सासूबाईंच्या कंबरेसाठी कडक पाटे

माणसाला आपल्या धंद्यातलं कळतं, ही चांगली गोष्ट आहे. पण मग त्याला वाटायला लागतं की सगळं जगच आपल्या धंद्यासारखं चालतं, आणि तिथून पुढे घरच्यांचे हाल सुरू होतात. गादीवाल्याचं तेच झालं.

त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि ते चांगलं चालत होतं. गिऱ्हाईक आत शिरलं की तो आधी त्याला पाठमोरं उभं करायचा, मानेपासून खालपर्यंत नजर फिरवायचा आणि डॉक्टर टाकतात तसा एक सुस्कारा टाकून सांगायचा, "तुम्हाला कडक लागेल." बारीक माणूस असो, जाडा असो, नवं लग्न झालेलं जोडपं असो, सगळ्यांना कडकच. मऊ गादी मागणाऱ्याकडे तो असा काही बघायचा की तो माणूस ओशाळून निमूटपणे कडक गादी घेऊन जायचा. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांच्या पाठी बऱ्याही व्हायच्या. त्यामुळे कडकपणावरचा त्याचा विश्वास इतका पक्का झाला होता की डोक्यात दुसरं काही शिरायला जागा उरली नव्हती.

गाद्या पोचवायला त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती. तिचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचं ओझं झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, वर्षानुवर्षं बसून बसून सपाट झाले होते. गाडी मागून खाली टेकलेली आणि एका अंगाला कललेली असायची. बारीकसा खड्डा आला तरी आतल्या माणसाचे दात एकमेकांवर आपटायचे. गाद्यांना धक्क्यांचं काही सोयरसुतक नसतं, म्हणून गादीवाल्यानं कधी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

लक्ष द्यायची वेळ आली ती सासूबाईंमुळे.

सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. उभी हयात त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी करण्यात घालवली होती. नोकरी संपली तरी बोलणं कंडक्टरचंच राहिलं. पाहुणे आले की "आत सरका, दारात गर्दी नको" म्हणायच्या, आणि आपलं बोलणं संपलं की टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायच्या. दोनदा टकटक झाली की पाहुण्यांनी उठायचं, हे सगळ्या गोतावळ्याला माहीत होतं.

मध्यंतरी एकदा त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. दुपारभर तिथेच पडून होत्या. लेक कामावरून येताना सहज डोकावली, तेव्हा कळलं. हाड एकही मोडलं नव्हतं, पण लेकीची झोप मात्र मोडली ती मोडलीच. गादीवाल्याची बायको शाळेच्या ऑफिसात कामाला होती. त्या दिवसापासून ती रोज काम संपलं की आईकडे जायची, घरी आल्यावर आईला फोन करायची आणि जेवताना पुन्हा करायची. फोन दोन रिंगांत उचलला गेला नाही की हातातला घास ताटात ठेवून चपला शोधायला लागायची. आणि हसायची बंद झाली होती. आधी ती नवऱ्याच्या फालतूतल्या फालतू विनोदाला हसायची, तेही पोट धरून. गादीवाल्याला घरात कशाचीच कमतरता नव्हती. ही एकच होती, आणि ती त्याला फार खुपायची.

उपाय उघड होता. सासूबाईंना आपल्याकडे आणायचं. गादीवाल्यानं मोठ्या मनानं सांगूनही टाकलं होतं, "आई, तुम्ही फक्त या. सामानाची एक काडी आणू नका. आमच्याकडे तुमच्यासाठी सगळं नवीन आहे. खाट नवी, गादी नवी, आरसासुद्धा नवा."

सासूबाईंनी एकदा आपल्या खोलीवरून नजर फिरवली होती आणि "बघू" म्हणाल्या होत्या. पुढे प्रत्येक वेळी 'बघू'च. शेवटी लेकीनं फारच खनपटीला बसल्यावर त्या म्हणाल्या, "त्या तुझ्या नवऱ्याच्या गाडीतून मी नाही येणार. पडल्यापासून कंबर धड नाही माझी. त्या गाडीत उरलीसुरली जाईल."

"मग रिक्षा करू."

"रिक्षात मला मळमळतं."

"आई, टॅक्सी."

"अनोळखी माणसानं चालवलेल्या गाडीत मी बसत नाही. मला माहितीय ही माणसं कशी चालवतात. मी त्यांच्यात काढलीय नोकरी."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ती नुसती कारणं सांगतेय. तिला यायचंच नाहीये."

"कारण सांगितलंय ना? मग झालं तर," गादीवाला म्हणाला. "कारण आहे म्हणजे त्यावर इलाज आहे."

हे त्याचं नेहमीचंच. कुणी म्हणालं झोप लागत नाही, की हा लगेच गादी बदलायला निघायचा. झोप का लागत नाही हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही. त्यानं सरळ गाडीच्या सुट्या भागांच्या मोठ्या दुकानाला फोन लावला.

"पिकअपचे मागचे पाटे हवेत. आणि शॉकअप. तुमच्याकडचे सगळ्यात कडक कुठले?"

"माल किती नेता?" पलीकडून प्रश्न आला.

"पार टपाच्या वर जातो," गादीवाला अभिमानानं म्हणाला. "दोर बांधावा लागतो वरून."

"रोज?"

"रोज."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पलीकडच्या माणसानं डोळ्यांसमोर सिमेंटच्या पोत्यांची थप्पी आणली असेल, तर त्यात त्याचीही चूक नव्हती. माल कसला हे त्यानं विचारलं नाही, आणि यानं सांगितलं नाही.

पाटे आले ते काळेकुळकुळीत आणि मांडीएवढे जाड. खोकं उचलताना गादीवाल्याच्याच पाठीत उसण भरली. पण त्याला आनंद झाला. कंबरेसाठी यापेक्षा कडक काही या भूतलावर नसेल, असं त्यानं बायकोला सांगितलं. तिनं नुसती मान हलवली, कारण तिचं लक्ष फोनकडे होतं.

मदतीला शेजारचे टेलरकाका आले. दुकानाची सुट्टी होती आणि घरात त्यांना काही सुचत नव्हतं. गाड्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मापातलं कळत होतं, आणि काम कुठलंही असलं तरी शेवटी ते मापाचंच असतं असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणजे त्यांचीही गत गादीवाल्यासारखीच. गळ्यात टेप, कानावर खडू अशा थाटात ते अंगणात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चाकापासून वरपर्यंत दोन्हीकडून टेप लावून म्हणाले, "डावी बाजू दोन बोटं आखूड आहे. हिचा खांदा उतरलाय."

"नवे पाटे लावले की येईल सारखी."

"येऊ दे. पण आधी ट्रायल. ट्रायलशिवाय मी काही पक्कं करत नाही."

गादीवाल्यानं पुढच्या चाकांना विटांचा अडसर लावला, जॅकनं गाडी मागून उचलली आणि सांगाड्याखाली दोन भक्कम लोखंडी घोड्या दिल्या. सिमेंटच्या फरशीवर पाठ टेकायची म्हणून एक कडक गादी अंथरली. टेलरकाका प्रत्येक बोल्टाशेजारी खडूनं खूण करत होते, कपड्यावर करतात तशी. पाटे आणि एक्सल यांना घट्ट आवळून धरणारे यू-आकाराचे बोल्ट असतात, त्यांच्या नटांवर इतका गंज चढला होता की पाना हलेना. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून दोघं त्याला लोंबकळले, तरी ढिम्म. शेवटी गंजावरचं तेल मारून वाट बघायचं ठरलं. टेलरकाका जेवायला घरी गेले.

गादीवाला तेल कुठवर मुरलंय ते बघायला गाडीखाली शिरला. गादी होती, सावली होती, वारा येत होता. आणि स्वतःचीच गादी. पाचव्या मिनिटाला त्याला गाढ झोप लागली, आणि कडक गादीवर तो घोरत नाही. तेवढंच वाईट झालं.

बायको चहा घेऊन बाहेर आली. तिला दिसले ते गाडीखालून बाहेर आलेले नवऱ्याचे दोन पाय. तिनं हाक मारली. पाय हलले नाहीत. पुन्हा मारली. कप तिच्या हातातून कधी पडला ते तिलाही कळलं नाही. तिनं दोन्ही पाय धरून असा हिसडा दिला की गादीवाला गादीसकट बाहेर आला, आणि येता येता जागा होऊन त्यानं डोकं वर केलं ते सायलेन्सरच्या नळीवर सण्णकन आपटलं.

"काय झालं? काय झालं?" कपाळ धरून तो विचारू लागला.

बायको तिथेच गादीच्या कडेला बसली. मग म्हणाली, "कुणी जमिनीवर पडलेलं आता मला बघवत नाही हो. तिला आणा इकडे. कसंही करून आणा."

गादीवाल्याला कपाळावरच्या टेंगळापेक्षा ते जास्त लागलं. तो उठला, पाइप पुन्हा पान्यावर चढवला आणि टेलरकाका येण्याचीही वाट न बघता सगळं अंग टाकलं. नट कर्र करून सुटला.

पुढचं काम भराभर झालं. जुने पाटे खाली आले, नवे वर गेले. पाट्याच्या मधल्या खिळ्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसवायचं होतं. टेलरकाका गुडघ्यांवर बसून डोळा लावून सांगत होते, "काज थोडं उजवीकडे घे. अजून. हां, आता घाल बटण." शॉकअप लागले. नट सगळे हातानंच फिरवून ठेवले, कारण कच्ची शिलाई झाल्याशिवाय पक्की करायची नाही यावर काका हटून बसले होते. चाकं लावून गाडी जमिनीवर टेकवली आणि मगच सगळं क्रमानं आवळलं. गंमत म्हणजे खोक्यावरच्या कागदातही नेमकं हेच लिहिलं होतं. काकांना ते दाखवल्यावर त्यांनी त्या कागदाकडे प्रेमानं बघितलं.

शेवटी एक बोल्ट उरला.

"जादा बटण देतातच," टेलरकाका म्हणाले आणि तो खिशात टाकायला लागले.

बायकोनं मात्र दोघांना पुन्हा चाकं काढायला लावली. प्रत्येक भोकात बोट घालून खात्री केल्यावर निघालं की तो जुन्या शॉकअपचा होता. एव्हाना काकांनी उत्साहाच्या भरात रस्त्यावरून चाललेल्या भंगारवाल्याला हाक मारून जुने पाटे देऊनही टाकले होते. अंगणात पसारा नको, म्हणाले.

गाडी आता मागून हातभर उंच झाली होती. शेपूट वर केलेल्या मांजरासारखी ती अंगणात उभी होती. टेलरकाकांनी टेप लावला. दोन्ही बाजू दोऱ्याएवढ्याही फरकाशिवाय सारख्या. दोघांनी हात मिळवले. बायको आतून फोनवर बोलत असल्याचं ऐकू आलं. "आई, गाडी झाली. अगं हो, सगळं नवीन बसवलंय. उद्या येतो आम्ही. धक्का म्हणून लागणार नाही तुला."

मग गादीवाला आणि टेलरकाका गाडी घेऊन जरा चक्कर मारायला गेले.

पहिल्याच गतिरोधकावर गाडीची मागची बाजू अशी उडाली की टेलरकाकांचं डोकं टपाला लागलं आणि गळ्यातला टेप खिडकीतून बाहेर गेला. दुसऱ्यावर गादीवाल्याचं टेंगूळ जिथल्या तिथे दुप्पट झालं. तिसरा आलाच नाही, कारण तिथूनच गाडी वळवली. येताना दगडावरून, खड्ड्यावरून, रस्त्यावर पडलेल्या दोरीवरूनसुद्धा ती उडत होती. जुन्या पाट्यांवर दात आपटायचे. नव्यांवर अख्खा माणूस आपटत होता.

घरी येऊन गादीवाल्यानं पुन्हा दुकानाला फोन लावला.

"गाडी उडते," तो म्हणाला.

"आत्ता माल किती आहे?"

"आत्ता रिकामी आहे."

"मग उडणारच. ते जड मालाचे पाटे आहेत. वजन पडलं की लवतात, मग लोण्यासारखी जाईल बघा. तुमचा काय माल असतो? लोखंड? सिमेंट?"

"गाद्या," गादीवाला म्हणाला.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कापसाच्या?" पलीकडच्यानं आशेनं विचारलं.

"फोमच्या."

आता मात्र गादीवाल्याची पाचावर धारण बसली. स्वतःच्याच धंद्यातली गोष्ट होती. हलक्या माणसाला अतिकडक गादी दिली की ती त्याच्याखाली दबतच नाही, तो नुसता फळीवर झोपल्यासारखा झोपतो. वीस वर्षं तो हेच करत आला असेल काय, असा एक विचार त्याच्या मनात डोकावला. त्यानं तो तिथल्या तिथे दाबला. जुने पाटे भंगारात गेले होते, बायको आतल्या खोलीत नव्या उशीला अभ्रा घालत होती, आणि सकाळी निघायचं होतं. तिला सांगायची हिंमत त्याला झाली नाही.

सकाळी त्यानं एकच शहाणपण केलं. मागच्या खोलीत छतापर्यंत साठवलेल्या सगळ्या गाद्या त्यानं पिकअपमध्ये घातल्या. गाडी टपाच्या वर भरली. वरून दोर बांधला. पाट्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

आपण शिवलेल्या कपड्याची ट्रायल म्हणून टेलरकाकाही सोबत आले. तिघं पुढे दाटीवाटीनं बसले. रस्ताभर बायको समोर बघत होती आणि दर गतिरोधकाला तिच्या चेहऱ्यावरची आशा थोडी थोडी ओसरत होती. "अहो, हे काय?" असं तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं गादीवाल्याला वाटलं.

सासूबाई खिडकीतच उभ्या होत्या. गल्लीतून उड्या मारत येणारी गाडी आणि तिच्यावर नाचणाऱ्या गाद्या त्यांनी शांतपणे पाहिल्या.

"एवढ्या गाद्या कशाला?" त्यांनी विचारलं.

"वजन म्हणून," गादीवाला म्हणाला.

"गाद्यांचं वजन," सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. "चालत्या बसमध्ये, दांडी न धरता, मी भरल्या कपातून चहा पीत आलेय. ज्या गाडीत माझ्या हातातला चहा सांडतो, त्या गाडीत माझी कंबर टिकायची नाही. चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. सांडला नाही तर येते मी तुमच्याकडे."

अट साधी होती. कोपऱ्यावर एकच गतिरोधक होता. त्या एकाच गतिरोधकानं अर्धा चहा काचेवर आणि अर्धा जावयाच्या सदऱ्यावर गेला. सासूबाईंनी रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि डॅशबोर्डवर बोटानं दोनदा टकटक केली. भेट संपली होती.

फाटकाशी बायको उभी होती. तिनं नवऱ्याचा सदरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. तिनं आईच्या न्हाणीघराच्या खिडकीकडे एकदा बघितलं. गादीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "पाटे चांगले आहेत, पण त्यांना वजन लागतं. वजन नसलं की उडतात. मला वाटलं कडक म्हणजे कंबरेला चांगलं."

सासूबाई उतरता उतरता थांबल्या. "वजन म्हणजे कसलं?"

"जड काहीही. लोखंडाबिखंडाचं."

"हं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळानं, दुसरीकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "कपाट चालेल?"

कपाट लोखंडी होतं आणि आतल्या सामानासकट भयंकर जड होतं. आधी गाद्या उतरवून फाटकाशी रचल्या. मग शेजारपाजारची चार माणसं आली. ती सगळी एके काळी सासूबाईंच्या बसमधून जायची, त्यामुळे "आत सरका, डावीकडे बघा" एवढं ऐकल्यावर त्यांनी बिनतक्रार कपाट उचललं. दुसरा कप भरला गेला. गाडी कोपऱ्यावर जाऊन आली. अर्धा चहा शिल्लक होता.

"फरक आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझी खाट पण घालून बघा. प्रयोग म्हणून."

खाट आली, शिलाई मशीन आलं. मशीन बघून टेलरकाकांचे डोळे भरून आले. असं ओतीव लोखंडाचं मशीन आता मिळत नाही, म्हणाले, आणि ते त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिलं नाही. ट्रंका आल्या. मोठ्या कुंड्या आल्या. प्रत्येक वेळी कप भरायचा, कोपऱ्यापर्यंत जायचं, यायचं, कप बघायचा. आता फक्त बशी ओली होत होती.

अशाच एका फेरीत गादीवाल्याच्या लक्षात आलं की सासूबाई कपाकडे बघतच नाहीयेत. कप त्यांनी एका हातात नुसता धरलाय, आणि त्या बाजूच्या आरशात बघतायत. आरशात कपाट दिसत होतं. कपाटाला त्यांनी बांधायला सांगितलेली चादर वाऱ्यानं सरकली की त्यांचा जीव वरखाली होत होता. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. सामानाची एक काडी आणू नका, असं आपणच मोठ्या तोंडानं सांगितलं होतं. सगळं नवीन आहे म्हणालो होतो. जिनं आयुष्यभर स्वतःच्या पगारातून एकेक वस्तू घेतली, तिला आपण नेसत्या कपड्यांनिशी यायला सांगितलं. कंबरेचा यात काही संबंधच नव्हता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"आई," तो हळूच म्हणाला, "बशी अजून ओली होतेय. आणखी काही जड आहे का?"

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, असं त्याला वाटलं.

"बाक आहे माझं," त्या म्हणाल्या.

खिडकीपाशी भिंतीला ठोकलेलं ते दोन माणसांचं बसमधलं बाक होतं. त्यांची बस भंगारात निघाली तेव्हा डेपोतून मागून आणलेलं. उसवलेल्या शिवणीतून काथ्या डोकावत होता आणि त्यावर बसायची परवानगी कुणालाच नव्हती. गादीवाल्यानं पाना काढला. गंजलेले नट सोडवण्यात आता त्याचा हात कुणी धरला नसता. टेलरकाकांनी मापं घेऊन बाक ट्रंकांच्या आणि कपाटाच्या मधोमध नेमकं बसवलं, आणि वजनाला वजन म्हणून ते स्वतः आणि गादीवाल्याची बायको त्यावर जाऊन बसले. पाटे आता छान लवले होते. गाडी पहिल्यांदाच सरळ उभी होती.

"मागे कुणी उभं राहायचं नाही," सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं. "खाली बसून घ्या. आणि टेलरभाऊ, बाईमाणसाला खिडकीकडची जागा द्या."

खिडकी कुठे होती? दोन्हीकडे उघडं आभाळ होतं. पण टेलरकाका खरोखरच उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, आणि मागून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. आधी दबका, मग मोकळा, पोट धरून हसल्याचा. गादीवाल्यानं इंजिन सुरू केलं नाही. तो नुसता ऐकत बसला.

"काय झालं? बंद पडली का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. निघतोच."

गतिरोधक आला कधी आणि गेला कधी, कळलंसुद्धा नाही. बशी कोरडी ठाक होती. सासूबाईंनी सगळा चहा पिऊन कप रिकामा केला. गाडी परत फाटकाशी आली. दार सताड उघडं होतं आणि शेजाऱ्यांनी तेवढ्यात आत नेऊन रचल्यामुळे दोन्ही खोल्यांत जमिनीपासून छतापर्यंत गाद्याच गाद्या होत्या.

"आता आत जाऊन बसू तरी कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

"गाद्यांवर," गादीवाला बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

"कडक आहेत?"

"हो."

"मग नको." त्यांनी लेकीकडून दाराला कुलूप लावून घेतलं, किल्ली मुठीत धरली आणि डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली. गाडी निघाली.

घरी पोचल्यावर गादीवाल्यानं पिकअप अंगणात घेतली आणि मागचा दोर सोडायला हात घातला. बायको बाकावरून उतरून मागची खोली उघडायला धावली. गाद्या गेल्यामुळे तिथे आता अख्खा संसार मावेल एवढी जागा झाली होती. सासूबाई मात्र पुढच्या सीटवरून हलल्या नाहीत. दार उघडं होतं, पण पाय त्यांनी खाली टाकले नव्हते.

"जावईबापू."

"काय, आई?"

"सामान उतरवलं की गाडी रिकामी होणार."

"हो."

"मग परत उडायला लागणार."

"लागणार."

"म्हणजे उद्या मला वाटलं परत जावं, तर या गाडीतून मला जाता येणार नाही."

गादीवाल्याचा हात दोरावर थांबला. खोलीच्या दारात बायको उभी राहिली होती. तिनंही ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा पुन्हा सकाळसारखा व्हायला लागला होता. थोडं वजन कायमचं ठेवू, वाळूची पोती टाकू, असं काहीतरी म्हणता आलं असतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना.

"नाही येणार, आई," तो म्हणाला.

सासूबाईंनी अंगणाकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं. मग दाराच्या कडेला धरून, आधी एक आणि मग दुसरा असे दोन्ही पाय खाली टाकले आणि सावकाश उभ्या राहिल्या.

"मग बघत काय बसलात," त्या म्हणाल्या. "सगळ्यात जड असेल ते आधी उतरवा."